शकुंतलेचे प्लॅन्स

खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेवर चालणारं छोटं इंजिन घरी बांधायचं म्हटलं की पहिला प्रश्न प्लॅन्सचा. मी शोधायला बसलो तर सगळी विलायती इंजिनं! 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थांचं 'टिच' सगळ्यात प्रसिद्ध. साडेतीन इंच गेज, चार चाकं. नवशिक्याला उत्तम.

पण मी पडलो खामगावचा. मला हवी शेजारच्या मूर्तिजापूरची शकुंतला. तिचं मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं इंजिन १९९४ पर्यंत राबलं.

वरवर हिशेब सोपा आहे. शकुंतलेचा गेज अडीच फूट, म्हणजे पाच इंची रुळांवर बरोब्बर एक षष्ठांश. मूळ ड्रॉइंग मिळवा, प्रत्येक मापाला सहाने भागा, झालं!

नाही हो. बॉयलरचा पृष्ठभाग ३६ पट घटतो, पण आतलं पाणी २१६ पट. म्हणजे ते झपाट्याने गार होणार. नळ्या सहापट बारीक केल्या तर काजळीने तुंबणार. म्हणून छोट्या बॉयलरला मोजक्याच, पण त्या मानाने जाड नळ्या घालतात. हे कुणीतरी आधी बांधून, चालवून बघितलेलं असतं. माझ्या मते प्लॅन्स म्हणजे हेच, नुसतं ड्रॉइंग नव्हे. आम्हा आयटीवाल्यांना क्रॅश झालं की रिस्टार्ट करायची सवय. बॉयलरला ती सोय नाही!

तेव्हा बाहेरचं रूप फोटोंवरून, मापं घेऊन शकुंतलेचं करावं. बॉयलर मात्र सिद्ध झालेल्या प्लॅनचाच घ्यावा, आणि आग पेटवण्याआधी गार पाण्याने दुप्पट दाबाची टेस्ट करावी.