दहापैकी पाच

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त निघू लागतील. आपल्याकडे लग्न हे मोठे गुणकारी औषध समजले जाते. मुलगा उनाड निघाला, लग्न करून टाका. घरात बोलेनासा झाला, लग्न करून टाका. रात्र रात्र झोपत नाही, एकटाच हसतो, तरीही लग्नच! "सून आली की येईल ताळ्यावर," असे आत्याबाई सांगतात आणि सगळे माना डोलावतात. जी मुलगी औषध म्हणून आणायची, तिला मात्र रोग सांगायचा नसतो.

या मंडळींना 'सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक' हा २०१२ सालचा अमेरिकन चित्रपट एकदा दाखवायला हवा. मॅथ्यू क्विक यांच्या कादंबरीवरून डेव्हिड ओ. रसेल यांनी तो काढला. नायक पॅट (ब्रॅडली कूपर) बाल्टिमोरच्या मनोरुग्णालयात आठ महिने काढून फिलाडेल्फियाला आईबापांच्या घरी येतो. बायकोला परपुरुषाबरोबर पाहून त्याने त्या गृहस्थाला बेदम बडविलेले असते. मग निदान होते बायपोलरचे, म्हणजे मन कधी उन्मादाच्या शिखरावर, तर कधी नैराश्याच्या खाईत. घरी आल्यावर हा पठ्ठ्या हेमिंग्वेची कादंबरी वाचून संपवितो, शेवट दुःखी म्हणून पुस्तक खिडकीची काच फोडून बाहेर भिरकावतो आणि भल्या पहाटे आईबापांना उठवून त्याचा जाब विचारतो. आपण खदखदून हसतो. पुढे लग्नाची चित्रफीत शोधताना झालेल्या झटापटीत त्याचा फटका चुकून आईलाच बसतो, आणि ते हसू घशात अडकते.

बाप (रॉबर्ट डी नीरो) त्याहून नमुनेदार. फुटबॉलवर सट्टा लावणारा हा गृहस्थ आपला संघ जिंकावा म्हणून रिमोट ठराविक जागी मांडतो, हातात रुमाल धरून बसतो. त्याला कोणी वेडा म्हणत नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाचे खूळ हे खूळ नसते, ती श्रद्धा असते!

मग भेटते टिफनी. पोलीस असलेला नवरा अपघातात गमावलेली, दुःखाने भरकटलेली तरुण विधवा. या भूमिकेसाठी जेनिफर लॉरेन्सला २०१३ साली ऑस्कर मिळाले. पहिल्याच भेटीत, लोकांच्या घरी जेवायला बसलेली ही दोघे आपापल्या गोळ्यांची नावे काढतात. लिथियम, झॅनॅक्स... जणू दोन कोकणी माणसे एकमेकांचे गाव विचारताहेत! आपल्याकडे जे लग्नानंतर वर्षाने कपाटाच्या कोपऱ्यात सापडते, ते इथे ओळख होताच टेबलावर येते.

टिफनी त्याला बरे करीत नाही. त्याची चिठ्ठी बायकोला पोहोचविण्याच्या बदल्यात ती नाचाच्या स्पर्धेसाठी जोडीदार मागते. तालमी सुरू होतात, दिवसाला शिस्त येते. पूर्वी टाळलेल्या गोळ्या तो घेऊ लागतो. अनुपम खेर यांनी वठविलेले डॉक्टर पटेल आहेतच. प्रेम येते ते या सगळ्याच्या सोबतीने, त्यांच्या जागी नव्हे.

शेवट मात्र साखरेत घोळलेला. बायपोलर हा चुंबनाने पळणारा आजार नाही. तो बहुधा जन्मभर सांभाळावा लागतो. पण त्याआधीचा प्रसंग फार खरा आहे. बापाने पैज लावलेली असते, की जोडीला दहापैकी सरासरी पाच गुण मिळतील. बरोबर पाच मिळतात आणि सारे घर आनंदाने नाचू लागते. पाचावर एवढे काय नाचायचे, हे भोवतालच्या मंडळींना कळत नाही. ज्या घरात असे दुखणे आहे, तिथे मात्र बरोबर कळते. मुलगा रात्रभर झोपला, सकाळी आपणहून चहा मागितला, की त्या घरची दिवाळी!

तेव्हा आत्याबाई, मुलाला आधी डॉक्टरांकडे न्या. मग खुशाल मुलगी पाहायला जा. पण कांदेपोह्यांच्या बशीशेजारी गोळ्यांची पट्टीही ठेवा. नकार येईल, कदाचित चार येतील. पण एखादीने ती पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि "रोज किती वाजता घ्यायची?" असे विचारले, तर पुढची बोलणी करायला हरकत नाही.