वाऱ्याला तोंड देऊन निघा

मागच्या अंकात नळदुर्गला सायकलने गेल्याचं ओझरतं लिहिलं होतं. तेव्हापासून भेटणारी प्रत्येक ओळखीची बाई दोन प्रश्न विचारते. पहिला प्रश्न हसत हसत येतो, ‘सोलापुरात चढ-उतार आहेत तरी कुठे?’ दुसरा जरा आवाज खाली आणून, ‘मुलीला घेऊन इतक्या लांब? घरचे काही म्हणाले नाहीत?’ या वेळी दोन्हींची उत्तरं देते.

पहिलं उत्तर सोपं आहे. सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. उत्तरेला बालाघाटची रांग लागते आणि तुळजापूर तिच्या पठारावर, आपल्यापेक्षा जवळजवळ दोनशे मीटर उंच आहे. बाकीचे रस्ते माळाचे. ओढा आला की उतार, ओढा ओलांडला की चढ. मोटारीत बसून हा चढ दिसत नाही, सायकलवर मांड्यांना लगेच कळतो. पण सोलापूरकरांचा खरा घाट म्हणजे वारा. हे मला गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये कळलं, तेही फजिती झाल्यावर.

साखर वाढल्यावर डॉक्टरांनी रोज व्यायाम करायला सांगितलं, म्हणून मी जुन्या बाजारातून गिअरची सायकल घेतली होती. आठवीतली मुलगी आणि धाकटा भाऊ यांच्यासोबत नळदुर्गला जायचं ठरलं. फज्रनंतर निघालो. हैदराबाद रस्त्याने मुळेगाव, बोरामणी, इटकळ, अणदूर अशी गावं मागे पडत गेली. पन्नासच्या आसपास किलोमीटर, आणि आम्हाला वाटलं आम्ही फारच तयारीचे! मुलगी तर गाणं गुणगुणत होती. किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहिला. पाऊस चांगला झाला होता. नर-मादीचे दोन्ही धबधबे कोसळत होते. मुलगी तिथून हलायलाच तयार नव्हती.

परत फिरलो आणि सगळं उलटं झालं. जोर लावला तरी सायकल पुढे सरकेना. इटकळपर्यंत दोनदा थांबलो. बोरामणीच्या अलीकडे मुलगी उतरून रस्त्याच्या कडेला बसली आणि रडायला लागली. माझीही अवस्था तीच होती. शेवटी भावाने शेजाऱ्यांचा टेम्पो बोलावला आणि तिन्ही सायकली त्यात घालून आम्ही मगरिबच्या सुमारास घरी आलो.

अब्बांनी एकच विचारलं, ‘हवा किधर की थी?’ आम्हा तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. अब्बा हसले. ‘जाते वक्त हवा सामने रहना, आते वक्त पीछे.’ म्हणजे निघताना वाऱ्याला तोंड द्यावं, अंगात दम असतो. येताना तोच वारा घरी आणून सोडतो.

अब्बा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर सायकलच्या कॅरिअरवर चादरी आणि टॉवेलांचा गठ्ठा बांधून ते वर्षानुवर्षं गावोगाव फिरले. आज कुठला बाजार, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या चढाआधी उतरून चालावं, हे सगळं त्यांना पाठ आहे. त्या रात्री त्यांनी नातीला जवळ बसवलं आणि वही काढायला सांगितली. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून पावसाळ्यात ते मोहोळ, मंगळवेढ्याच्या बाजूला जात. थंडीत वारा बहुतेक पूर्वेकडचा असतो, सकाळी मंद, तेव्हा नळदुर्गची फेरी. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

मुलगी भराभर लिहीत होती. मी बाजूला बसून ऐकत होते आणि मला माझी सातवी आठवली. याच अब्बांच्या सायकलवर मी कैची मारून शिकले होते. शाळेला, दुकानाला, खालाच्या घरी सायकलनेच जायचे. मग एक दिवस अम्मी म्हणाली, ‘आता पुरे.’ कुणी रागावलं नाही, कुणी कारण सांगितलं नाही. सायकल भावाकडे गेली. तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी असंच झालं असेल, मला माहीत आहे.

मी अब्बांना विचारलं, ‘हे सगळं तुम्हाला तेव्हाही माहीत होतं. मला का नाही सांगितलंत?’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तुला पाठवायचं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.’

त्यावर मी काही बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी फज्रनंतर अंगणात आवाज आला म्हणून बाहेर पाहिलं, तर अब्बा नातीच्या सायकलच्या चाकात हवा भरत होते. पंप मारून दम लागला होता, तरी भावाला हात लावू देत नव्हते.

त्या वहीतले रस्ते आम्ही वर्षभर एकेक करून पाहिले. त्यातले चार तुमच्यासाठी.

हिप्परगा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी. तुळजापूर रस्त्याने आठ-दहा किलोमीटरवर एकरुख तलाव आहे. अदिला नदीवर मातीचा लांब बांध घालून तो १८७१ मध्ये पूर्ण झाला. थंडीत पाहुणे पक्षी येतात. रस्त्यावर मोठ्या गाड्या असतात, म्हणून कडेच्या पट्टीवरून एकामागे एक चालावं, शेजारी-शेजारी गप्पा मारत नाही.

तिऱ्हे आणि बेगमपूर. पावसाळ्यासाठी. मंगळवेढा रस्ता नैऋत्येला जातो, त्यामुळे जाताना वारा समोर, येताना पाठीवर. पंधराएक किलोमीटरवर तिऱ्ह्याला सीना नदी लागते. पुलाकडे उतार आणि पुलानंतर चढ, एवढा सराव पहिल्या महिन्यात पुरे. दम वाढला की कामतीवरून भीमेकाठच्या बेगमपूरपर्यंत जा. जवळच्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी होती. माचणूरचा किल्ला त्याच काळाची आठवण आहे.

नान्नज. जानेवारीसाठी. बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर. माळरानाचे लांबलचक, सौम्य चढ-उतार. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये इथं अभयारण्य झालं. माळढोक दिसण्याची आशा धरू नका, काळवीट मात्र दिसतील. रस्त्याकडेला ज्वारी आणि द्राक्षबागा आहेत. सोनाका नावाची द्राक्षं आपण खातो, ती जात याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी शोधलेली. हुरड्याचे दिवस असतील तर शेतातून हाक येतेच. नाही म्हणू नका.

तुळजापूरचा घाट. ज्यांनी वरचे तिन्ही केले त्यांच्यासाठी. एका बाजूने ४५ किलोमीटर, शेवटी खरा चढ. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करा. भर चढावर बदलायला गेलात तर चेन निसटते. उतरून चालण्यात कमीपणा नाही, अब्बा गठ्ठा घेऊन नेहमी चालत. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबा, नुसता पुढचा कधीच नाही. नवरात्र ते कोजागिरी हा रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांचा असतो. तेव्हा दुसरीकडे जा.

आता सामान आणि शिस्त. जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरची पट्टी जवळ हवीच. आपल्या रस्त्यांच्या कडेला सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे असतात. सावलीत सायकल उभी करताना आधी खाली पाहा. दोघांत मिळून पाण्याच्या चार बाटल्या, त्यातल्या एकीत मीठ-साखर. मार्चपासून पुढे नऊच्या आत घरी. एप्रिल-मेमध्ये लांबचा बेतच नको. ऊस तोडणीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात मागून दिसत नाहीत, म्हणून मगरिबच्या आधी परत. साखरेची औषधं घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात खजूर ठेवावेत आणि किती अंतर झेपेल ते डॉक्टरांना विचारावं.

बहिणींसाठी वेगळं सांगते. सलवारीचा उजवा पायचा रबराने बांधा, तो चेनमध्ये जातो. ओढणीची टोकं कुर्त्यात खोचा किंवा लहान स्कार्फ बांधा. पातळ सुती स्कार्फवर हेल्मेट नीट बसतं, फक्त पिन डोक्याच्या मागे लावू नका, टोचते. वुजू आणि नमाजसाठी वाटेतल्या गावांत आम्हाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट ताक आणि शेंगाचटणी-भाकरी मिळाली.

आता दुसरा प्रश्न. घरचे काय म्हणाले, ते वर सांगितलंच. बाहेरचं एक उदाहरण देते. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी पाहिलं, तर हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली होती, आणि सर्वांत जास्त फरक शाळेपासून तीन किलोमीटरहून लांबच्या गावांत पडला होता. अंतर तेवढंच होतं. ते कापायचं साधन मुलींच्या हातात आलं.

काळजी खोटी नसते. रस्ता धोक्याचा असतो, मुलीला एकटीला पाठवू नये असं मलाही वाटतं. म्हणून आम्ही दोघी-तिघी मिळून जातो, कुठल्या रस्त्याने जाणार ते घरी सांगून जातो, ठरलेल्या गावातून फोन करतो. काळजी असेल तर माहिती द्या, सोबत द्या, वेळ ठरवून द्या. सायकल काढून घेतली की काळजी मिटते, पण मुलीला रस्ता कळत नाही, आणि रस्ते तर तिला पुढे चालायचेच आहेत.

या डिसेंबरात पुन्हा नळदुर्गला गेलो. जाताना समोरून थंड वारा, अणदूरपर्यंत घाम निघाला. येताना बोरामणीच्या त्याच झाडाखाली मुलगी थांबली, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘अम्मी, नानांना फोन लाव. सांग, हवा मागून आहे.’

तुमच्याही घरात एखादे अब्बा, नाना, चाचा असतील. दूध घालायला, फेरीला, गिरणीला सायकलने गेलेले. त्यांना एकदा रस्ते विचारा, आणि विचारताना मुलींनाही जवळ बसवा.