सूज उतरेपर्यंत

एखाद्या वाढीविषयी शंका आली की मराठी माणूस विचारतो, ‘हे बाळसे की सूज?’ अर्थसंकल्पावरच्या भाषणांत, साहित्य संमेलनाच्या परिसंवादांत, पतपेढीच्या वार्षिक सभेत हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. बँकेत होतो तेव्हा मार्चअखेरीस टरारून फुगलेल्या ठेवी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओसरत, आणि आमचे वरिष्ठ साहेब चष्मा पुसत हेच म्हणत. थोडक्यात, सूज म्हणजे खोटी वाढ, जवळजवळ फसवणूकच, अशी आपली समजूत. शरीरशास्त्र मात्र सुजेकडे जरा वेगळ्या नजरेने पाहते. अलीकडे मध्यमवर्गीय घरांतही शिरलेल्या एका शस्त्रक्रियेच्या निमित्ताने ती नजर आपणही घ्यायला हवी असे मला वाटते. कारण ती नसल्यामुळे माणसे उगाच घाबरतात, उगाच खर्च करतात, आणि जिथे खरोखर घाबरायला हवे तिथे मात्र निर्धास्त राहतात.

ही शस्त्रक्रिया म्हणजे शरीराला घाट देणारी. नळीने चरबी शोषून घेणारे लायपोसक्शन, किंवा पोटाची लोंबणारी कातडी काढून सैल पडलेले स्नायू शिवणारा ‘टमी टक’. सत्तरच्या दशकात रोममध्ये फिशर पितापुत्रांनी या वाटेने पावले टाकली. १९७७ साली पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट तोंडाची नळी वापरून ती वाट रुळवली. पुढे १९८७ साली कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन यांनी चरबीच्या थरात भुलीचे औषध आणि ॲड्रिनलिन मिसळलेले भरपूर सलाईन भरायचे आणि मग चरबी ओढायची, अशी पद्धत मांडली. त्यामुळे रक्तस्राव फार कमी झाला. आज जगात सर्वाधिक होणाऱ्या सौंदर्यशस्त्रक्रियांत लायपोसक्शनची गणना होते.

ही सारी श्रीमंतांची थेरे, असे म्हणून पान उलटण्याचा मोह काही वाचकांना होईल. पण खूप वजन उतरवलेल्या माणसाच्या पोटावर रिकाम्या पिशवीसारखी कातडी लोंबते, तिच्या घडीत घामाने चट्टे उठतात. दोन-तीन बाळंतपणांनंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेल्या बायका असतात. त्यांनी हौस केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. आणि कुणी निव्वळ हौस म्हणून केली, तरी नंतरचे दुखणे काही हौसेचे नसते.

माझ्या नात्यातल्या एका शिक्षिकेने गेल्या वर्षी अशी शस्त्रक्रिया करून घेतली. दोन वर्षे नेटाने चालून, तोंडावर ताबा ठेवून तिने वजन उतरवले होते. उरले होते ते पोट. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. बाराव्या दिवशी मात्र तिचा फोन आला. ‘‘काका, काट्यावर उभी राहिले तर दीड किलो वाढलेय. पैसे देऊन जाडी विकत घेतली की काय मी?’’ पुढचा प्रश्न माझ्या जुन्या धंद्याचा होता. सूज उतरवण्यासाठी बारा बैठकांचे ‘पॅकेज’ तिला एका केंद्राने सुचवले होते; पैसे आगाऊ भरल्यास सवलत. त्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

ठेव मोडण्याचे गणित मला येते. पण त्याआधी सूज म्हणजे काय ते समजून घेणे भाग होते. पुस्तके चाळली, ओळखीच्या डॉक्टरांना छळले. जे हाती लागले ते सांगतो.

आपल्या केशवाहिन्यांतून दिवसाकाठी काही लिटर पाणी पेशींभोवतीच्या जागेत झिरपत असते. १८९६ साली लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी या देवघेवीचा हिशेब मांडला. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातली प्रथिने ते धरून ठेवू पाहतात. बाहेर जे उरते ते गोळा करून रक्तात पुन्हा जमा करायचे काम लसिकावाहिन्यांचे. त्यांचे एक जाळे प्रथम पाहिले ते इटलीच्या गास्पारे आसेल्ली यांनी, १६२२ साली. नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्यावर त्यांना दुधासारखे पांढरे धागे दिसले. माझ्या भाषेत सांगायचे तर लसिका म्हणजे वसुली खाते. रोज निमूटपणे ताळा जमवते, म्हणून कुणाचे लक्ष जात नाही.

शस्त्रक्रियेत नळी किंवा सुरी चालते तेव्हा दोन्ही बाजू बिघडतात. इजा झाली की शरीर रक्तवाहिन्या सैल करते. दुरुस्तीचे सामान, म्हणजे पांढऱ्या पेशी आणि प्रथिने, पाण्याबरोबर तिथे पोचावे म्हणून. त्यातच भरलेल्या सलाईनपैकी बरेचसे आत राहिलेले असते. दुसरीकडे वसुली करणाऱ्या नाजूक वाहिन्याच कापल्या गेलेल्या असतात. टमी टकमध्ये बेंबीखालच्या कातडीतून जांघेतल्या ग्रंथींकडे जाणारी वाटच टाक्याने अडते, म्हणून टाक्याच्या वरचा भाग महिनोन्‌महिने फुगीर राहतो. आवक वाढली, जावक अडली, शिल्लक फुगणारच. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणे लिहून ठेवली आहेत: लाली, सूज, उष्णता, वेदना. आपल्याकडे चरकसंहितेत शोथावर स्वतंत्र अध्याय आहे. सूज ही त्या जखमेइतकीच जुनी गोष्ट आहे. ती दुरुस्तीच्या कामावर लावलेली परांची आहे. काम संपेपर्यंत ती काढता येत नाही.

या कामाला दिवस किती? साधारणपणे पहिल्या काही दिवसांत सूज चढते, काही आठवड्यांत तिचा मोठा हिस्सा ओसरतो, आणि खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. कातडी काढलेली असेल तर कधी वर्षसुद्धा. सकाळी पोट सपाट आणि दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी तट्ट, हेही महिनोन्‌महिने चालते. बाराव्या दिवशी काट्यावर उभे राहणे म्हणजे पेरणीच्या दुसऱ्या आठवड्यात आणेवारी काढण्यासारखे आहे.

आता उपचारांकडे वळू. पहिला मान घट्ट पेहरावाचा. बाळंतिणीचे पोट जुन्या लुगड्याने बांधणाऱ्या आजीला यातले तत्त्व शिकवावे लागत नाही. बाहेरून सारखा दाब असला की पाणी साचायला जागा कमी राहते, सुटलेली कातडी खाली चिकटायला मदत होते आणि चालताना आधार वाटतो. शल्यविशारद तो काही आठवडे वापरायला सांगतात. नेमका किती दाब, किती दिवस, यावर डॉक्टरांतही एकमत नाही. मात्र जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगला, हा समज घातक आहे. पोट फार आवळले तर पायांतून वर येणारे रक्त अडते. घडी पडून एकाच जागी काचले तर कातडीला इजा होते.

दुसरा उपचार, ज्याची सध्या फार चलती आहे, तो लसिका-निचरा करणारा हलका मसाज. डेन्मार्कचे एमिल व्होडर आणि त्यांची पत्नी एस्ट्रिड यांनी १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये तो विकसित केला आणि १९३६ साली पॅरिसमध्ये मांडला. यातला ‘हलका’ हा शब्द महत्त्वाचा. लसिकेच्या सूक्ष्म वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात, म्हणून हात तान्ह्या बाळाच्या गालावरून फिरवावा तसा फिरवायचा असतो. बाळंतिणीला रगडून चोळणाऱ्या बाईंचा हात इथे कामाचा नाही. जोराने रगडले तर नव्याने जुळणाऱ्या वाहिन्या पुन्हा तुटतात. जखमेच्या छिद्रांतून पाणी पिळून काढणे तर उघड उघड जंतूंना आमंत्रण देणे आहे. या मसाजाने आराम वाटतो, ताठरपणा कमी होतो, असे बरेच रुग्ण सांगतात. सौंदर्यशस्त्रक्रियेनंतरच्या उपयोगाचे अभ्यास झाले आहेत, पण ते लहान आहेत. म्हणजे हा उपचार निरर्थक नाही; पण तो केला नाही तर पोट बिघडेल, ही भीती खोटी आहे.

तिसरा उपचार फुकट आहे, त्यामुळे त्याची जाहिरात होत नाही. तो म्हणजे चालणे. पोटरीचा स्नायू आवळला की पायातले रक्त आणि लसिका वर ढकलली जाते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून, वाकून का होईना, घरातल्या घरात फेऱ्या मारायला सांगतात ते याचसाठी. त्याच्या जोडीला जेवणात मीठ बेताचे, प्रथिने पुरेशी. हवेच्या दाबाने पाय आवळणारी यंत्रे, ध्वनिलहरींची यंत्रे, रंगीत चिकटपट्ट्या, अननसातून काढलेल्या ब्रोमेलेनच्या गोळ्या, अर्निका, यांपैकी काहींचा काहींना थोडा उपयोग होत असेल, पण पुराव्याचे पारडे हलकेच आहे. कोणतीही गोळी घेण्यापूर्वी ती आपल्या शल्यविशारदाला दाखवावी, कारण काही गोळ्यांनी रक्त पातळ होते.

इथे आपल्या घरच्या वैद्यकाविषयी एक शब्द. मुक्या मारावर आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप आपण सगळ्यांनीच लावून घेतला आहे. पण तो लेप टाक्यांवर नको. आणि गरम पाण्याची पिशवी तर मुळीच नको. या शस्त्रक्रियेनंतर पोटाची कातडी काही महिने बधिर असते. चटका बसला तरी कळत नाही. कळते ते फोड आल्यावर. बर्फाचेही तेच. मायेने शेक द्यायला बसलेल्या आईचा हात धरावा लागला तरी धरावा.

आणि खरोखर घाबरायचे कधी? एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते, आणि ती जीवघेणी ठरते. अशी पोटरी चोळून घेणे म्हणजे गुठळीला धक्का देणे. ताप, पसरत जाणारी लाली, दुर्गंधी, एका बाजूला अचानक आलेला ताठरपणा, किंवा दाबल्यावर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी हलणारी गाठ, यांनाही मसाज हे उत्तर नाही. साचलेले पाणी डॉक्टरांनी सुईने काढावे लागते. ‘नंतर सूज येतेच’ हे वाक्य खरे आहे, पण त्याच्या आड ही सूज लपू देऊ नये.

शिक्षिकेला मी इतकेच म्हटले की ठेव राहू दे, पुढच्या तपासणीला शल्यविशारदालाच विचार. त्यांनी सांगितले, पट्टा लाव, चाल, थांब. बरे वाटत असेल तर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडे दोन-चार बैठका घे. तिने चार घेतल्या. तिला बरे वाटले. सूज त्या बैठकांनी उतरली की दिवसांनी, हे तिलाही सांगता येत नाही.

मला आक्षेप घ्यायचा आहे तो या सांगण्याच्या वेळेवर. सुजेचे हे वेळापत्रक शस्त्रक्रियेच्या आधी, खर्चाच्या अंदाजपत्रकाबरोबर, लेखी हाती पडायला हवे. पट्टा किती, तपासण्या किती, साचलेले पाणी काढावे लागले तर त्याचे पैसे वेगळे की त्यातच, रात्री धाप लागली तर फोन कोणाला करायचा, हे सगळे त्यात हवे. आपल्या विमा नियमांनुसार अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असे अपवाद वगळता सौंदर्यशस्त्रक्रिया विम्यात बसत नाही. म्हणजे प्रत्येक रुपया खिशातून, नाहीतर हप्त्याने. कर्ज देताना आम्ही ग्राहकाला व्याजाचा दर आधी सांगत असू. सूज हे या शस्त्रक्रियेचे व्याज आहे. तेही आधी सांगायला हवे.

याहून मोठी एक गोष्ट मनातून जात नाही. जी कला या पॅकेजांत विकली जाते, तिची खरी गरज ज्यांना आहे ती माणसे वेगळीच आहेत. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या ग्रंथी काढल्यावर कित्येक बायकांचा हात सुजतो. मोठ्या आढाव्यांत हे प्रमाण साधारण पाचांत एक आढळले आहे. ही सूज सहा महिन्यांत उतरत नाही, जन्माची सोबत करते. तिच्यावर दाबाच्या पट्ट्यांबरोबर हा हलका मसाज केल्यास थोडा जास्त फायदा होऊ शकतो, असे २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात म्हटले आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या आपल्या जिल्ह्यांत हत्तीपायाचे रुग्ण आहेत. तिथे डासांतून आलेल्या कृमींनी लसिकावाहिन्याच निकामी केलेल्या असतात. सरकारी मोहिमेत गोळ्या वाटल्या जातात, त्या आवश्यकच आहेत; पण आधीच सुजलेला पाय गोळीने पूर्ववत होत नाही. त्याला रोज साबणपाण्याने धुणे, बोटांमधली जागा कोरडी करणे, पाय उंच ठेवणे, घोटा हलवणे आणि नीट बांधणे लागते. केरळातल्या कासारगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मटॉलॉजीने आयुर्वेद, योगासने आणि दाबाच्या पट्ट्या यांची सांगड घालून हे काम रुग्णाच्या घरच्यांनाच शिकवले आहे. म्हणजे हे फार खर्चाचे नाही, शिकवणारा माणूस लागतो.

असा माणूस आज शहरातल्या वातानुकूलित खोलीत सहज सापडतो. तो जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आठवड्यातून दोन दिवस तरी सापडावा, ही मागणी फार मोठी नाही. शिक्षिकेची सूज आता बरीचशी उतरली आहे, आणि ती पट्टा न लावल्याशिवाय उतरली नसती असे नाही. भंडाऱ्याच्या शेतमजूर बाईची सूज मात्र आपण काही केल्याशिवाय उतरणार नाही.