अलेक्झांड्रा फुफी

आमची भाची कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकते. सुट्टीत देवळाली कॅम्पला आमच्याकडे आली ती हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी घेऊनच. 1960 साली निघालेली ही कादंबरी. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातलं एक लहान गाव. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर गोऱ्या मुलीवरच्या अत्याचाराचा खोटा आळ येतो. त्याचा डावा हात निकामी, पुरावा त्याच्या बाजूचा, वकील अ‍ॅटिकस जीव तोडून लढतात. तरी गोरे पंच त्याला गुन्हेगारच ठरवतात.

हा खटला सगळ्यांच्या लक्षात राहतो. भाचीच्या मनात मात्र दुसरीच व्यक्ती बसली होती. अ‍ॅटिकसची बहीण अलेक्झांड्रा, म्हणजे मुलांची फुफी. वॉल्टर कनिंगहॅम हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा, तोही गोराच. पण लहानग्या स्काउटनं त्याला घरी खेळायला बोलवायचं म्हटलं, की फुफीचा नकार. खानदान हलकं!

"फुफी, ही तुमच्यासारखीच बोलते," भाची म्हणाली.

आम्ही हसण्यावारी नेलं, पण लागलं. आदल्याच दिवशी तिच्या थोरल्या बहिणीसाठी एक रिश्ता आला होता. मुलगा इंजिनिअर, निर्व्यसनी, घरची माणसं साधी. भाभींना पसंत होता. आम्हीच म्हणालो, "सगळं ठीक, पण पिंजारी आहेत ना ते?" वर कुफूचा मसलाही पुढे केला. मस्जिदीत एका सफेत उभं राहायचं आणि निकाहाची गोष्ट निघाली की बिरादरी विचारायची, हे आमच्याही अंगवळणी पडलेलं.

आमच्या लॅम रोडवरच विहितगाव लागतं. नाशिकरोडला जाता-येता किती वेळा रिक्षातून पाहिलं असेल! 1930 साली बाबुराव बागूल तिथं जन्मले. त्यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा ज्या संग्रहात आहे, तो 1963 चा. हार्पर लींच्या कादंबरीनंतर अवघ्या तीन वर्षांनी आलेला. रेल्वेत नोकरी लागलेला दलित तरुण परक्या गावी खोली मिळावी म्हणून जात लपवतो. जात ठाऊक नसते तोवर मान मिळतो. उघडकीस येताच मार बसतो. सोडवायला धावतो तो काशिनाथ, आपली जात न लपवणारा. भाचीला आम्ही हीही कथा वाचायला दिली. मराठी वाचायला ती जरा कुरकुरते, पण ही एका बैठकीत संपवली.

खोलीची गोष्ट आम्हाला नवी नव्हती. आमच्या धाकट्या भावाला एकदा शहरात घर हवं होतं. फोनवर भाडं, अनामत, सगळं ठरलं. नाव सांगितलं आणि घर "कालच दिलं" झालं. त्या रात्री दस्तरखानवर कोणाला घास उतरला नाही. अम्मी तर पुढे कितीतरी दिवस त्या घरमालकाला बोल लावत होत्या. आम्हीही.

भाची हे सारं जाणून आहे. म्हणून तिनं काही वाद घातला नाही, जाताना एवढंच विचारलं, "मुलाच्या घरी काय कळवलं?"

काहीच कळवलं नव्हतं. बायोडेटा आठ दिवस कपाटावर पडून होता. काल भाभींना म्हटलं, रविवारी फोन लावा, माणसं बघायला तरी बोलवा. भाभींनी आमच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "फोन तुम्हीच लावा, आपा. नाही म्हणणाऱ्या तुम्हीच होतात."