बैलाची सूज आणि गिधाडे

खांदा सुजलेल्या बैलाला सुई टोचली की दुसऱ्या दिवशी तो जुवाखाली उभा राहतो, हे आम्हीही पाहतो. पण ती सुई कसली, हे विचारलेच पाहिजे, असे आमचे मत आहे.

शरीरातील स्निग्धाम्लांचा ऑक्सिजनशी संयोग होऊन ऑक्सिलिपिन नावाची द्रव्ये बनतात. प्रोस्टाग्लँडिन त्यांतलेच. सूज, ठणका, ताप आणते तेच, आणि जठराचे अस्तर राखते तेही तेच. अ‍ॅस्पिरिन ते बनू देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. डायक्लोफिनॅकचेही काम तेच. ही सुई घेतलेला बैल लगेच मेला व गिधाडांनी खाल्ला, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मढी कुजत पडली, कुत्री माजली.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे. केटोप्रोफेन व असेक्लोफिनॅकवर २०२३ पासून. माणसांची मोठी कुपी गोठ्यात जाई, म्हणून २०१५ मध्ये तिचे माप ३ मिलिलिटरवर आणले. तरी लोक दोन-चार कुप्या फोडतातच; चार पैसे वाचतात म्हणे! मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही. वाचकहो, पशुवैद्याकडे तेच मागा, आणि खांदा उतरेपर्यंत जू खुंटीलाच राहू द्या.