रक्तातील शिसे आणि ‘सुरक्षित मर्यादे’चा भ्रम

लहान मुलांच्या रक्तातील शिशाविषयीचा रूढ पूर्वपक्ष असा की, हा धातू निसर्गतःच माती, पाणी व अन्न यांत असल्यामुळे प्रत्येकाच्या रक्तात तो थोडाफार आढळणारच, आणि एका मर्यादेपर्यंत शरीर त्याचा निचरा करीत असल्यामुळे ती ओलांडणाऱ्या मुलांवर औषधोपचार केले की पुरे. या मताला शास्त्रीय वजन दिले ते अमेरिकेतील रॉबर्ट किहो यांनी. पेट्रोलमध्ये मिसळायचे शिसेयुक्त द्रव्य विकणाऱ्या इथाइल कॉर्पोरेशनचे ते वैद्यकीय सल्लागार होते, आणि हा तपशील त्यांच्या निष्कर्षांपासून वेगळा काढता येत नाही. 100 मिलिलिटर रक्तात 80 मायक्रोग्रॅमपर्यंत (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग) शिसे निर्धोक असते, असे ते सांगत. मोटारींपासून दूर राहणाऱ्या मेक्सिकोतील शेतकऱ्यांच्या अंगातही शिसे सापडते, हा त्यांचा पुरावा होता; परंतु ते शेतकरी ज्या मातीच्या भांड्यांत जेवत त्यांवरील शिशाची झिलई काही निसर्गाने चढवलेली नव्हती.

सर्वत्र आढळणारी गोष्ट नेहमीची असली तरी तेवढ्याने ती नैसर्गिक ठरत नाही, हा या युक्तिवादातील मूळ दोष भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी 1965 मध्ये दाखवून दिला. पुढील घटनांनी त्यांचीच बाजू खरी ठरवली. 1976 ते 1980 या काळात अमेरिकेतील एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तात 100 मिलिलिटरमागे सरासरी सुमारे 15 मायक्रोग्रॅम शिसे होते. पेट्रोल, रंग आणि अन्नाच्या डब्यांच्या सांध्यांना दिलेला डाख यांतून ते हटवले गेल्यानंतर ही सरासरी 1 च्याही खाली आली. निसर्ग तर तोच होता.

अमेरिकेतील मर्यादेचा आकडाही 1971 मधील 40 वरून 1991 मध्ये 10, 2012 मध्ये 5 आणि 2021 मध्ये 3.5 असा घसरत आला. यातील 3.5 हा विषबाधेचा आरंभबिंदू नसून, सर्वाधिक शिसे असलेली अडीच टक्के अमेरिकन मुले वेगळी काढणारी सांख्यिकीय रेषा आहे. प्रशासनाला अशी रेषा लागते, हे मान्यच. मात्र तिच्या अलीकडच्या बाजूला अभय आहे असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. उलट 1,333 मुलांच्या नोंदी एकत्र करून 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, शिसे 2.4 वरून 10 पर्यंत वाढताना बुद्ध्यंक 3.9 गुणांनी, तर 20 वरून 30 पर्यंत वाढताना केवळ 1.1 गुणाने कमी आढळला.

उपचाराचा भरवसाही टिकत नाही. शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे सक्सिमर हे औषध 780 मुलांच्या चाचणीत तपासले गेले. 2001 मधील निष्कर्षांनुसार रक्तातील शिसे उतरले, पण बुद्धिमापनात सुधारणा दिसली नाही.

म्हणून रक्ततपासणीचा खरा उपयोग शिशाचा उगम शोधण्यात आहे. बांगलादेशात गर्भवतींच्या रक्तातील शिशाचा माग हळदीला पिवळाधमक रंग आणणाऱ्या लेड क्रोमेटपर्यंत पोहोचला; कारवाईनंतर बाजारातील भेसळयुक्त नमुने 2019 मधील 47 टक्क्यांवरून 2021 मध्ये शून्यावर आले. भारताने 2000 मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद केले आणि पुढे घरगुती रंगांतील शिशाला दशलक्षांमागे 90 भागांची मर्यादा घातली, तरी पाटण्यातील हळदीच्या काही नमुन्यांत दर ग्रॅमला 1,000 मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे सापडले आहे. कायदेशीर मर्यादा 10 आहे. युनिसेफच्या 2020 मधील अहवालानुसार सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतीय मुलांच्या रक्तात 100 मिलिलिटरमागे 5 किंवा त्याहून अधिक मायक्रोग्रॅम शिसे असावे. इतक्या मुलांच्या दंडात सुई टोचून वाट पाहण्याआधी हळदीचे घाऊक बाजार आणि जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्या तपासणे कमी खर्चाचेही आहे.