आजोबांची रायफल: ठेवावी की बदलावी?

मोठ्या बोअरची शिकारी रायफल म्हणजे साधारणपणे .३७५ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद नळीची रायफल. हत्ती, गवा, रानरेडा, वाघ यांच्यासाठी ती घडवली गेली. १९१२ साली आलेल्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम काडतुसाची गोळी १९ ग्रॅमच्या आसपास असते, तर .४७० नायट्रो एक्स्प्रेसची ३२ ग्रॅमची. असे काडतूस उडवणारी दुनळी रायफल पाच किलोंच्या घरात जाते आणि तरीही तिचा झटका खांद्याला चांगलाच कळतो.

भारतात अशा रायफली संस्थानिक, इनामदार, मळेवाले आणि साहेबलोकांकडे होत्या. कोल्हापूर संस्थानचे दाजीपूरचे जंगल हे राखीव शिकारक्षेत्र. १९५८ साली तिथे गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचा उरलासुरला दरवाजाही बंद झाला. रायफलीचे काम संपले, रायफल मात्र घरात राहिली. आज ती नातवाच्या परवान्यावर येते तेव्हा तीन वाटा समोर असतात: आहे तशी ठेवणे, तिच्यात बदल करून घेणे किंवा ती सोडून देणे.

पहिला हिशेब कायद्याचा. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. वारसा हक्काने परवाना देतानाही ही दोनची मर्यादा ओलांडता येत नाही. नातवाकडे आधीच एक बारा बोअर आणि एक पिस्तूल असेल, तर आजोबांची रायफल तिसरी ठरते आणि तिच्याबाबत ‘ठेवू की नको’ हा प्रश्नच उरत नाही. परवानाधारक वारल्यावर त्याच्या माघारी हत्यार कपाटात पडून राहू देणे हाही गुन्हा ठरू शकतो. वारसांनी ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते आणि मग परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. जिल्ह्यात हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो; मुंबई, पुणे, नागपूर अशा आयुक्तालयांच्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी हयातीतली सोयही ठेवली आहे: परवानाधारकाची सत्तरी झाली किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षे झाली, की त्याला आपल्या वारसाचे नाव सुचवता येते. घरात दुसरा पात्र सदस्य असेल, तर तिसऱ्या हत्याराचा पेच बहुधा इथेच सुटतो.

दुसरा हिशेब आकड्यांचा. परवान्यावर हत्याराचा प्रकार, क्रमांक आणि बोअर लिहिलेला असतो. जुन्या इंग्रजी रायफलींची नावे मात्र फसवी असतात. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या खासगी आयातीला बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीची नळी त्याच मापाची होती आणि काडतुसे बंडखोरांच्या हाती लागण्याची धास्ती होती. लंडन-बर्मिंगहॅमच्या कारखानदारांनी सरकारशी वाद घालण्यापेक्षा आपली मापे बदलली; .४६५, .४७० आणि .४७५ ही प्रसिद्ध काडतुसे त्यातूनच पुढे आली. .४५०/४०० हे काडतूस मात्र बंदीत सापडले नाही, कारण त्यातला .४५० हा मूळ काडतुसाचा आकडा. त्याची मान आवळून गोळी .४०० च्या मापाची केलेली. जिम कॉर्बेट यांची जड रायफल याच मापाची होती. परवान्यावर या दोनांतला एकच आकडा उतरला असेल, तर बदलाचा विचार करण्याआधी ती नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते.

तिसरा हिशेब काडतुसांचा, आणि निर्णयाचे खरे वजन इथे आहे. किनॉक या इंग्रजी कंपनीने १९६० च्या दशकात मोठ्या बोअरच्या काडतुसांचे उत्पादन आवरते घेतले. भारतातल्या आयुधनिर्माणीत .३१५ ची काडतुसे बनतात. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचे नाव त्यांच्याशी जोडलेले आहे. .३७५ किंवा .४७० च्या बाबतीत मात्र जुन्या साठ्यातून जे हाती येईल त्यावर भागवावे लागते आणि ते दुर्मीळ व महाग असते. डब्यात उरलेल्या आठ-दहा काडतुसांवरही विसंबता येत नाही. पितळेच्या मानेवर केसासारखी चीर, बुडावर हिरवट डाग, हलवल्यावर सैल वाटणारी गोळी ही ते काडतूस बाद झाल्याची लक्षणे. काही जुनी काडतुसे चाप ओढल्यावर लगेच उडत नाहीत, क्षणभराने उडतात. तोवर कुणी बोल्ट उघडला तर स्फोट त्याच्या चेहऱ्यासमोर होतो.

चौथा हिशेब प्रकृतीचा. हत्यार रिकामे असल्याची खात्री करून बोल्ट बाहेर काढायचा, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, तोंडाशी पांढरा कागद धरायचा आणि नळीच्या टोकाकडून आत बघायचे. निरोगी नळीत आट्यांच्या, म्हणजे आतल्या सर्पिल खाचांच्या, कडा धारदार दिसतात आणि कागदाचा उजेड अखंड वलयांत फिरतो. रोगट नळीत तोच उजेड मधेच तुटतो. काळपट खड्डे दिसतात, चेंबरपुढच्या बोटभर भागात आटे झिजून गुळगुळीत झालेले असतात. कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने ही झीज होते. खड्डे पडतात ते जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनामुळे. पोटॅशियम क्लोरेट जळून जो क्षार उरतो, तो मिठासारखा हवेतली ओल ओढतो. म्हणून जुने शिकारी संध्याकाळी नळीत आधी गरम पाणी ओतत आणि मगच तेलाचे फडके फिरवत. कोकणातल्या एका पावसाळ्यात हे राहून गेले, तर नळीचे आयुष्य तिथेच संपे. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा होऊन परत येणाऱ्या हत्यारांनाही तेल लावून देणे आणि आल्यावर पुन्हा तपासणे म्हणूनच गरजेचे.

आता बदलाकडे. रायफलीचे काडतूस बदलण्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिलीत नळी तीच राहते आणि फक्त चेंबर पुढे कोरून लांब करतात. याचे गाजलेले उदाहरण आफ्रिकी शिकारीतले. .४५८ विंचेस्टर मॅग्नम हे काडतूस १९५६ साली आले. त्याचे कवच अडीच इंचांचे आणि आत दारू दाबून बसवलेली, त्यामुळे गोळीचा वेग कमी पडल्याच्या तक्रारी होत्या. पुढे जॅक लॉट या अमेरिकी शिकाऱ्याने २.८ इंची कवचाचे .४५८ लॉट तयार केले. गोळी तीच, बूडही तेच, फक्त कवच लांब, म्हणून .४५८ विंचेस्टरची रायफल चेंबर कोरून लॉटसाठी करून घेणे सोपे पडते आणि वेळ आली तर तिच्यातून जुने काडतूसही उडवता येते. दुसऱ्या पद्धतीत नळीच आतून कोरून मोठी करतात आणि नवे आटे पाडतात. तिसऱ्या पद्धतीत नळी काढून दुसरी बसवतात.

या तिन्ही पद्धतींना एकच नियम लागू पडतो: लोखंड कोरून काढता येते, परत भरता येत नाही. मोठ्याचे लहान करायचे तर नवी नळी किंवा अस्तरनळी याला पर्याय नाही. शिवाय नळी बदलली म्हणून काम संपत नाही. .३७५ च्या कवचाचे बूड साडेतेरा मिलिमीटरचे, तर नेहमीच्या माउजर बोल्टचे तोंड बारा मिलिमीटरचे; .४१६ रिग्बीला पंधरा लागतात. पूर्ण .३७५ काडतूस ९१ मिलिमीटर लांब असते, .३०-०६ चे सुमारे ८५. मॅगझिन आखूड असेल तर ते मागे-पुढे कापावे लागते आणि पुढून कापताना बोल्टच्या पकडीला आधार देणारे पोलाद पातळ होते. स्वस्तात केलेले रूपांतर नेमके याच जागी दगा देते. ब्रिटन किंवा जर्मनीत असे काम झाल्यावर रायफल प्रूफ हाऊसमध्ये जादा दाबाच्या काडतुसाने तपासून तिच्यावर ठसा मारून घ्यावा लागतो.

दुनळी रायफलीच्या बाबतीत तर बदलाचा विचारच सोडावा. तिच्या दोन नळ्या समांतर नसतात. ठरावीक अंतरावर दोन्ही गोळ्या एकाच ठिकाणी लागाव्यात म्हणून कारागीर प्रत्यक्ष गोळ्या झाडून नळ्यांमधली पट्टी थोडी थोडी सरकवत डाग देतात. ही जुळणी एका ठरावीक काडतुसापुरती असते. काडतूस बदलले की डावी नळी एकीकडे मारते आणि उजवी दुसरीकडे.

भारतात या तांत्रिक अडचणींच्या आधी कायदा उभा राहतो. शस्त्र अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार नळी आखूड करणे किंवा नकली हत्यार खरे करणे याला परवाना लागतो. २०१९ पासून एका वर्गातले हत्यार दुसऱ्या वर्गात नेण्यालाही तो लागतो. कारागिराच्या ओळखीवर, चिठ्ठीवर करून घेतलेला बदल परवान्याशी जुळत नाही आणि मालक अडचणीत येतो. एवढे करून उपयोगही काही नाही. पिकात शिरणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी मिळाली, तरी शेताच्या बांधावर बारा बोअर पुरते. रायफलीची जड गोळी चुकली तर काही किलोमीटर जाते आणि मधे वस्ती असते.

बदलाने किंमतही घसरते. हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांच्याकडे क्रमांकानुसार जुन्या नोंदवह्या आहेत. रायफल कुणासाठी, कोणत्या साली, कोणत्या काडतुसासाठी घडली हे त्यांतून कळते. ही नोंद आणि हातातले हत्यार जुळले तर ते इतिहासाचा पुरावा ठरते. दुर्बिणीसाठी पाडलेली दोन भोकेसुद्धा ही जुळणी बिघडवतात. दस्त्यामागचे कडक झालेले रबर किंवा खांद्याचा पट्टा बदलणे वेगळे, कारण ते उलटवता येते.

ठेवणे जमत नसेल तर दोन मार्ग उरतात. विकायची असेल, तर ठरलेल्या खरेदीदाराची माहिती लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते आणि खरेदीदाराकडे त्या हत्याराचा परवाना असावा लागतो. आठवण म्हणून भिंतीवरच ठेवायची असेल, तर ती कायमची निकामी करता येते. इथे कायद्याची कसोटी कडक आहे: कलम ४५ ची सूट दुरुस्ती करूनही न उडणाऱ्या हत्यारालाच मिळते. नुसती फायरिंग पिन काढून ठेवणे पुरत नाही, कारण पिन परत बसते. हे काम परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखी संमतीनेच करावे आणि तो कागद रायफलीइतकाच जपून ठेवावा.

सारांश असा: परवान्यात जागा असेल आणि नळी निरोगी असेल, तर रायफल आहे तशी, तेल लावून, कुलपात ठेवावी. जागा नसेल तर घरातल्या पात्र वारसाच्या नावे करावी किंवा रीतसर विकावी. दोन्ही जमत नसेल आणि नळी गेलेलीच असेल, तरच ती कायमची निकामी करावी. बोअर बदलण्याचा चौथा मार्ग आफ्रिकेत उपयोगाचा असेल. भारतातल्या वारसाला त्यातून ना काडतूस मिळते, ना शिकार, ना किंमत.